मिलिमीटरचा वारसा : जुनी फ्रेंच रोड सायकल, एक ऐतिहासिक साधन

प्रास्ताविक

इतिहासाच्या साधनांचे लिखित, मौखिक आणि भौतिक असे वर्गीकरण आपण पदवीच्या पहिल्याच वर्षी शिकवतो. नाणी, ताम्रपट, शिलालेख, मृद्भांडी यांवर विद्यार्थी चार-सहा ओळी लिहितोही. मात्र भौतिक साधनांचा हा विचार बहुधा मध्ययुगाच्या उंबरठ्यावर थबकतो. आधुनिक काळात प्रवेश करताच आपली सारी भिस्त कागदावर येऊन पडते आणि कारखान्यात तयार झालेली, लाखोंच्या वापरात असलेली वस्तू साधन म्हणून वाचायची कशी, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

प्रस्तुत निबंधात अशा एका वस्तूचा विचार केला आहे. साधारणतः १९३० ते १९८० या पन्नास वर्षांत फ्रान्समध्ये तयार झालेली रोड सायकल, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, हलक्या चौकटीची आणि लांबच्या रस्त्यासाठी बांधलेली सायकल, आज फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका व जपान येथील अनेक घरांत जिव्हाळ्याने सांभाळली जाते. तिच्याविषयीच्या प्रेमाची कारणे सामान्यतः दोन सांगितली जातात : तिचे देखणेपण आणि तूर द फ्रान्स या शर्यतीचे वलय. दोन्ही कारणे खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. इटालियन सायकली तितक्याच देखण्या होत्या आणि शर्यतीही त्यांनी कमी जिंकल्या नाहीत. फ्रेंच सायकलीचे खरे वेगळेपण तिच्या मापांत दडलेले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिच्या नळ्या आणि आटे मिलिमीटरमध्ये मोजलेले होते; तिच्याभोवतीचे सायकलजग मात्र मुख्यतः इंचात चालले होते. या विसंगतीने त्या उद्योगाच्या अडचणी वाढवल्या आणि याच विसंगतीमुळे अशी सायकल बाळगणाऱ्याला आज थोडेफार इतिहासाचे अभ्यासक व्हावे लागते.

कारागिरांची गावे

फ्रेंच सायकलीचा इतिहास पॅरिसपासून सुरू करण्याची प्रथा आहे. मिशो पितापुत्रांनी १८६० च्या दशकात तेथे पुढच्या चाकाला पायडल जोडलेली यंत्रे विकली आणि ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रुआँ ही दोन शहरांना जोडणारी शर्यत झाली. ती जिंकणारा जेम्स मूर इंग्रज होता, ही गोष्ट फ्रेंच लेखक जरा हळू आवाजात सांगतात. परंतु सायकलीच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने पॅरिसपेक्षा सेंत-एतिएन हे गाव अधिक महत्त्वाचे ठरते. कोळसा, रिबिनींचे माग आणि बंदुकांचे कारखाने ही या गावाची ओळख. बंदुकीची नळी घडवणाऱ्या हातांना सायकलीची नळी अवघड वाटण्याचे कारण नव्हते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमनेही हाच मार्ग चोखाळला होता. १८८५ मध्ये एतिएन मिमार आणि पिएर ब्लाशाँ यांनी सेंत-एतिएनमध्ये जो कारखाना उभा केला, त्याने शस्त्रे आणि सायकली या दोन्ही वस्तू एकाच जाड सूचिपत्रातून टपालाने खेडोपाडी पोहोचवल्या. पुढे ‘मान्युफ्राँस’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या संस्थेच्या सायकलीचे नाव होते ‘इराँदेल’, म्हणजे पाकोळी. तिचा एक प्रकार तर असा होता, की पायडल पुढे मारले की एक गियर आणि उलटे मारले की चढणीसाठी दुसरा, हलका गियर लागे. स्वार उलटे पायडल मारीत पुढे जाई. हे वाचताना हसू येते. पण चढण हा प्रश्न त्या डोंगराळ प्रदेशातील माणसाला किती जाचत होता, हे त्यातून स्पष्ट होते.

याच गावात पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हा रेशमाच्या व्यापारातून सायकलीकडे वळलेला गृहस्थ राहत होता. ‘वेलोसियो’ या टोपणनावाने तो ‘ल सिक्लिस्त’ हे नियतकालिक चालवी. सामान्य माणसाने सायकलीवरून डोंगर ओलांडावेत, दूरचे प्रदेश पाहावेत आणि त्यासाठी सायकलीला अनेक गियर असावेत, हा त्याचा आग्रह होता. त्याच्या विरुद्ध बाजूला उभा होता आँरी देग्रांज. ‘लोतो’ या क्रीडादैनिकाचा खप वाढावा म्हणून १९०३ मध्ये तूर द फ्रान्स सुरू करणारा हा संपादक गियर बदलण्याच्या सोयीला दुबळेपणाची निशाणी समजे. शर्यत स्नायूंची असावी, यंत्रांची नव्हे, ही त्याची भूमिका. परिणामी चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर पर्यटकांच्या सायकलींवर रुळला तरी तूरमधील प्रमुख स्वारांना तो १९३७ पर्यंत मिळाला नाही. तंत्रज्ञानाचा इतिहास शर्यतींतून सामान्यांकडे झिरपत येतो, असा जो समज आहे, त्याला हे उदाहरण सरळ छेद देते. येथे सहलीला निघालेला शिक्षक किंवा कारकून व्यावसायिक स्वाराच्या कितीतरी पुढे होता.

१९३६ साल या दृष्टीने निर्णायक मानावे लागेल. लेआँ ब्लूम यांच्या पॉप्युलर फ्रंट सरकारने त्या वर्षी जूनमध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि लेओ लाग्राँज यांच्या पुढाकाराने रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलतही मिळाली. त्या उन्हाळ्यात सायकलींवरून आणि दोघांच्या टँडेम सायकलींवरून निघालेल्या तरुण जोडप्यांची छायाचित्रे फ्रेंच सामाजिक इतिहासाच्या पुस्तकांत आजही हमखास आढळतात. या नव्या प्रवाशासाठी पॅरिसलगतच्या लव्हालोआ-पेरे येथे रने एर्स आणि अलेक्स सँजेर यांसारखे कारागीर गिऱ्हाइकाच्या मापाने सायकली बांधू लागले. मडगार्ड, दिवे, सामानाचा रॅक हे सारे चौकटीबरोबरच आखले जाई. अशा सर्वसामानयुक्त सायकलींच्या तांत्रिक चाचण्या १९३४ पासून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांपर्यंत डोंगराळ, खडबडीत रस्त्यांवर होत असत आणि त्यांत १० किलोंहून कमी वजनाच्या सायकली उतरत. रने एर्सची कन्या लिली एर्स स्वतः अनेकदा राष्ट्रीय विजेती ठरली आणि वडिलांच्या मृत्यूनंतर (१९७६) तिने पतीसह ती कार्यशाळा चालवली.

एका सायकलीचे वाचन

एर्स किंवा सँजेर यांची सायकल मिळणे आज दुर्मीळ आणि महाग आहे. मालकीचा प्रश्न समजून घेण्यासाठी कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडलेले उदाहरण अधिक उपयुक्त ठरते. प्यूजो कंपनीची ‘पीएक्स-१०’ ही सायकल असे उदाहरण होय. मुळात करवती, कॉफी दळण्याच्या चक्क्या अशा पोलादी वस्तू बनवणाऱ्या प्यूजो घराण्याने १८८० च्या दशकात सायकली बनवण्यास प्रारंभ केला. ‘पीएक्स-१०’ ही १९५० च्या दशकापासून सुमारे तीन दशके त्यांच्या सूचिपत्रात मानाच्या जागी होती. प्यूजो संघाकडून टॉम सिम्पसन आणि तरुण एडी मर्क्स धावले. बेर्नार तेवने याने १९७५ आणि १९७७ मध्ये तूर द फ्रान्स जिंकली. संघातील स्वारांच्या सायकलींशी जवळचे नाते सांगणारी ही सायकल दुकानात जाऊन कोणालाही विकत घेता येत असे, हे तिचे वैशिष्ट्य.

१९७० च्या सुमाराची ‘पीएक्स-१०’ समोर ठेवली तर काय दिसते? पांढरी चौकट, नळ्यांच्या सांध्यांना नक्षीदार पोलादी जोड, आणि पुढच्या नळीचे जोड काळ्या रंगाचे. ब्रेक क्लेरमाँ-फेराँच्या माफाक कंपनीचे, डिरेलर दिजाँच्या सिम्प्लेक्सचा, क्रँक सेंत-एतिएनच्या स्ट्राँगलाइटचा. म्हणजे सायकलीच्या अंगावर फ्रान्सच्या औद्योगिक प्रांतांचा नकाशाच उमटलेला असतो. हबवर कधीकधी तो तयार झाल्याचा महिना व वर्ष कोरलेले सापडते, आणि मग चौकटीच्या क्रमांकाने न सुटलेले कालनिश्चितीचे कोडे हब सोडवतो. एखाद्या ताम्रपटातील तिथी-वार पडताळून पाहणाऱ्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये.

पायडलावर बूट अडकवण्याची पोलादी कडी ‘क्रिस्तोफ’ या नावाची, तर तिचा चामडी पट्टा ‘लापीझ’ या नावाचा. दोन्ही नावे स्वारांची. युजेन क्रिस्तोफचा चिमटा १९१३ च्या तूरमध्ये तुर्माले घाटात मोडला. दुरुस्ती स्वाराने स्वतःच करायची, असा तेव्हा दंडक होता. तो सायकल खांद्यावर घेऊन सेंत-मारी-द-कांपाँ गावापर्यंत चालत आला आणि लोहाराच्या भट्टीत त्याने आपल्या हाताने चिमटा जोडला. भात्याला एका मुलाची मदत घेतली म्हणून त्याला वेळेचा दंडही झाला. ओक्ताव्ह लापीझ हा १९१० चा विजेता. पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून १९१७ मध्ये त्याला मृत्यू आला. स्मारके नेहमी चौकातच उभारली जातात असे नाही.

या सर्व फ्रेंच वैभवात एक गोष्ट मात्र ठळकपणे खटकते. चौकटीवरील पट्टी सांगते, की नळ्या ‘रेनॉल्ड्स ५३१’ जातीच्या आहेत. रेनॉल्ड्स ही बर्मिंगहॅमची कंपनी आणि ५३१ हे तिने १९३५ मध्ये बाजारात आणलेले मँगेनीज-मॉलिब्डेनमयुक्त पोलाद. फ्रान्सच्या अभिमानाची सायकल इंग्रजी पोलादाची होती! मात्र त्या इंग्रजी नळ्या फ्रेंच मापाने ओढलेल्या असत : इंग्रजी सायकलीत २८.६ मिलिमीटर (सव्वा इंचाला अष्टमांश कमी) जाडीची जी नळी, ती येथे बरोबर २८, जी २५.४, ती येथे २६. पोलाद परक्याचे घेतले, पण गज-काठी आपली ठेवली.

आट्यांचा प्रश्न

या मापांमागे मोठा इतिहास आहे. मेट्रिक पद्धत ही राज्यक्रांतीची देणगी. १७९५ च्या कायद्याने मीटर आला, १ जानेवारी १८४० पासून तो सक्तीचा झाला आणि २० मे १८७५ रोजी पॅरिस येथे झालेल्या मीटर कराराने त्याला आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा मिळाली. सायकल उद्योग बहरला तेव्हा फ्रेंच कारखानदाराच्या दृष्टीने मिलिमीटर ही स्वाभाविक, जवळजवळ नागरिकत्वाची बाब होती. इंग्लंडमध्ये तो बहरला इंचात.

पायडलांचा आस ज्या आडव्या नळीतून जातो तिच्या दोन्ही तोंडांना आटे पाडून कप बसवलेले असतात. फ्रेंच पद्धतीत या आट्यांचा व्यास ३५ मिलिमीटर आणि दोन आट्यांतील अंतर १ मिलिमीटर. इंग्रजी पद्धतीत व्यास १.३७ इंच, म्हणजे सुमारे ३४.८ मिलिमीटर, आणि इंचाला २४ आटे. फरक नखाच्या जाडीहूनही कमी. पण एकाचा कप दुसऱ्यात बसत नाही आणि बळाने बसवला तर चौकट जन्माची बिघडते. इंग्रजांनी चेनकडील कपाला उलटे आटे ठेवले, कारण पायडल मारताना छऱ्यांच्या फिरण्यामुळे त्या बाजूचा सरळ आट्यांचा कप हळूहळू सैल होऊ पाहतो. फ्रेंचांनी दोन्ही बाजूंना सरळच आटे ठेवले आणि तो कप अतिशय घट्ट आवळण्यावर विसंबून राहिले. स्विस पद्धतीने ३५ मिलिमीटर व्यास तोच ठेवून चेनकडील आटे उलटे केले. मॉतोबेकान या फ्रेंच कंपनीने काही काळ तीच पद्धत वापरली. इटालियनांनी तर व्यास ३६ मिलिमीटर आणि आटे मात्र इंचाला २४ अशी खिचडी केली. युरोपातील राष्ट्रवादाचा एवढा आटोपशीर नमुना क्वचितच सापडेल.

हीच कथा पुढे चालू राहते. पायडलाचे आटे फ्रेंच सायकलीत १४ मिलिमीटरचे, इंग्रजीत नऊ-सोळांश इंचाचे, म्हणजे सुमारे १४.३. हँडलचा खांब फ्रेंचमध्ये २२, इंग्रजीत २२.२ मिलिमीटर. क्रँक उपसण्याचे अवजारही सर्वमान्य २२ मिलिमीटरचे चालत नाही. जुन्या स्ट्राँगलाइटला २३.३५ मिलिमीटरचे लागते. एका फ्रेंच कंपनीचे अवजार दुसरीला लागू पडेल याचीही खात्री नाही, तेव्हा सगळा दोष मीटर आणि इंचाच्या भांडणावर टाकणे योग्य होणार नाही.

पराभव आणि चाक

१९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सायकलींची मोठी लाट आली. १९७३ मध्ये तेथे सुमारे दीड कोटी सायकली विकल्या गेल्या. प्यूजो, मॉतोबेकान, जितान यांच्या सायकली जहाजे भरून गेल्या. आणि अमेरिकन दुकानातील मिस्त्रीने पाना हातात घेतल्यावर त्याला हे आटे भेटले. सुटे भाग मिळेनात. सिम्प्लेक्सने डेल्रिन नावाच्या प्लॅस्टिकचे डिरेलर काढले होते. ते हलके होते, पण वर्षानुवर्षांच्या वापराने तडकत. दुसरीकडे जपानच्या सनटूर कंपनीने १९६४ मध्ये आणलेला तिरक्या समांतरभुजाकृतीचा डिरेलर स्वस्त असून गियर अधिक अचूक बदलत असे. जपान मेट्रिक देश होता, तरीही निर्यातीसाठी त्याच्या उद्योगाने इंचातील आटे निमूटपणे स्वीकारले. येथे खरा धडा आहे. फ्रेंच उद्योगाजवळ देशांतर्गत बाजारपेठ मोठी होती, म्हणून त्याला आपली मापे बदलण्याची निकड वाटली नाही. बदलली तेव्हा उशीर झाला होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी ह्युरे आणि माय्यार या कंपन्या जर्मनीच्या फिख्टेल उंड झाक्सकडे गेल्या. १९८४ मध्ये शिमानोची ठरावीक खाचांवर गियर बदलणारी प्रणाली आली, तिने सर्व भाग एकाच कंपनीचे असणे जवळजवळ आवश्यक केले, आणि गावोगावच्या कारखान्यांतून भाग गोळा करून सायकल उभी करण्याची फ्रेंच रीत संपुष्टात आली. १९८५ मध्ये मान्युफ्राँस बंद पडली. बेर्नार इनो याने तूर जिंकली तीही १९८५ मध्येच. त्यानंतर एकाही फ्रेंच पुरुष स्वाराला ती जिंकता आलेली नाही.

गंमत अशी, की आट्यांत हरलेला फ्रान्स चाकांत जिंकला. फ्रेंच पद्धतीत टायरचा अंदाजे बाह्य व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात आणि जाडीनुसार अ, ब, क अशी अक्षरे लावतात. टायर जितका जाड, तितकी रिम लहान. यांतील ‘७०० सी’ म्हणजे ६२२ मिलिमीटरची रिम आज जगभरच्या रोड सायकलींची प्रमाण रिम आहे. सहल-सायकलींची ‘६५० बी’ (५८४ मिलिमीटर) जवळजवळ विस्मृतीत गेली होती. ती २०१० नंतरच्या दशकात डोंगरी सायकलींवर साडेसत्तावीस इंच या इंग्रजी नावाने परतली. आपल्याकडच्या उंच, काळ्या, दूधवाल्याच्या सायकलीचा २८ गुणिले दीड इंचाचा टायर ज्या ६३५ मिलिमीटरच्या रिमवर चढतो, तीच फ्रेंच ‘७०० बी’ होय. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी हा टायर मिळतो. त्यासाठी फ्रेंच नाव कोणाला ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

मालकाची कसोटी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अशी सायकल हाती आल्यावर मालकाने तिचे काय करावे? वास्तू-जतनाच्या क्षेत्रात एकोणिसाव्या शतकापासून चाललेला वाद येथे घरगुती आकारात उपस्थित होतो. व्हियोले-ल-द्युक यांनी फ्रान्समधील मध्ययुगीन इमारती पूर्णावस्थेत ‘परत’ नेल्या, मग ती अवस्था पूर्वी कधी अस्तित्वात असो वा नसो. रस्किन यांना असे पुनरुज्जीवन म्हणजे नाश वाटे. अलोइस रीगल यांनी १९०३ मध्ये, योगायोगाने पहिल्या तूरच्याच वर्षी, वस्तूवर उमटलेल्या काळाच्या खुणांना स्वतंत्र मूल्य असल्याचे मांडले. सायकलीच्या मालकाला हे ग्रंथ माहीत नसतात, पण रंगाचा डबा हातात घेतला की त्याला या तिघांपैकी एकाची बाजू घ्यावीच लागते.

चौकट घासून नव्याने पांढरी रंगवली तर सायकल चकाकते; मात्र मूळ पट्ट्या, खांद्यावर उचलून नेताना झिजलेला रंग, दिवा लावल्याचा व्रण हे सारे पुरावे पुसले जातात. दुसऱ्या टोकाला, काहीही न बदलता ती भिंतीवर टांगली तर ती केवळ दृश्य उरते. चढणीवर हलक्या गियरमध्ये ती कशी वागते, माफाकचे ब्रेक ओरडतात तेव्हा रबर कोणत्या कोनात वळवावे लागते, पातळ पोलादी नळ्या खडबडीत रस्त्याचा धक्का कसा पचवतात, हे ज्ञान वापरातूनच मिळते. प्रस्तुत लेखकाच्या मते सायकल चालवली पाहिजे. १९९७ पासून इटलीत तोस्कानातील गायोले येथे भरणारी ‘लेरोइका’ आणि २०११ पासून फ्रान्समध्ये सोम्यूर येथे भरू लागलेली ‘आँजू वेलो व्हिंताज’ या उपक्रमांनी जुनी सायकल रस्त्यावर ठेवण्याची सवय जोपासली, हे त्यांचे श्रेय मान्य करावे लागते. तेथील लोकरी जर्सी आणि मिशांच्या थाटाविषयी मतभेद असू शकतात.

चालवायची म्हटले की जिवाचा प्रश्न येतो. पन्नास वर्षांचा ॲल्युमिनियमचा हँडलखांब बाहेरून निर्दोष दिसतो आणि आतून चिरलेला असतो. तेथे अस्सलपणाचा हट्ट धरणे मूर्खपणाचे आहे. २२.२ मिलिमीटरचा नवा खांब आणून पॉलिश पेपरने घासून २२ चा करता येतो. यात चौकटीची हानी होत नाही, जे झिजते ते नव्या भागाचे. अडचण येते पायडलांपाशी. चौदा मिलिमीटरची फ्रेंच पायडले सहज मिळत नाहीत. इंग्रजी माप किंचित मोठे असल्याने क्रँकच्या भोकात नवे आटे पाडून ते वाढवता येते. काम दहा मिनिटांचे आणि त्यानंतर बाजारातील कोणतेही पायडल बसते. बहुसंख्य मिस्त्री हाच सल्ला देतात आणि व्यवहारात तो चुकीचा नाही. पण त्या दहा मिनिटांत क्रँकमधील फ्रेंच आटे कायमचे खरवडून निघतात. खांब बदलणे मागे घेता येते, हे घेता येत नाही. मागे घेता येईल असाच बदल करावा, हे तत्त्व पुराभिलेखागारातील कागदाला आपण लावतो. ते येथेही लावावे आणि आटे पाडण्याऐवजी जुन्या पायडलांची वाट पाहावी, असे सुचवावेसे वाटते. अगदीच निरुपाय झाला तर दुसरा, आधीच आटे बदललेला क्रँक आणून बसवावा आणि मूळ क्रँक बाजूला ठेवावा.

जाणत्या मालकांमध्ये यासाठी एक साधी रीत आढळते. काढलेला प्रत्येक मूळ भाग ते तेलकट कागदात गुंडाळतात, वर तारीख आणि काढण्याचे कारण लिहितात आणि पुढे सायकल विकली तर तो खोका सायकलीबरोबरच देतात. त्या खोक्यात बहुधा सर्वांत आधी जातो तो सिम्प्लेक्सचा तडकलेला डिरेलर.